शाळेचे खेळते भांडवल

व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलाला दोन गोष्टी लवकर कळतात. दुकान उघडायला भांडवल लागते, ही पहिली. आणि उघडलेले दुकान चालू ठेवायला निराळे भांडवल लागते, ही दुसरी. गाळा घेतला, फळ्या ठोकल्या, पाटी लावली आणि जवळची सगळी रक्कम संपली, अशा दुकानाचे पुढे काय होते ते प्रत्येक बाजारपेठेने पाहिलेले असते. माल भरायला, उधारी सांभाळायला, नोकराचा पगार द्यायला जो पैसा सतत फिरता राहावा लागतो, त्यालाच खेळते भांडवल म्हणतात. पेढीवर हा नियम कोणी मोडत नाही. शाळेला देणगी देताना मात्र तोच व्यापारी तो नियम सहज विसरतो.

ग्रामीण शाळेला संगणक देणे ही आज सर्वांत लोकप्रिय देणगी झाली आहे. समारंभ होतो, श्रीफळ वाढवले जाते, छायाचित्र निघते, खोलीच्या दारावर दात्याच्या कुटुंबाचे नाव लागते. दोन-तीन वर्षांनी त्याच खोलीला कुलूप असल्याचे अनेक गावांत दिसते. एका यंत्राची बॅटरी गेलेली असते, दुसऱ्याचा पडदा फुटलेला असतो, शिकवणाऱ्या गुरुजींची बदली झालेली असते. यात लबाडी कोणाचीच नसते. दात्याने मनापासून दिलेले असते आणि शाळेने आनंदाने घेतलेले असते. फक्त दुसऱ्या भांडवलाची तरतूद कोणी केलेली नसते.

हा प्रश्न नाशिक जिल्ह्यातील कळवणसारख्या तालुक्यात अधिक टोचतो. बेहडीच्या काठी वसलेले कळवण, गिरणेच्या पाण्यावर पिकणारा उन्हाळ कांदा, सप्तशृंगगडाच्या यात्रेवर चालणारी हंगामी उलाढाल आणि पश्चिमेकडे डोंगरउतारावर विखुरलेले आदिवासी पाडे, असे या तालुक्याचे चित्र आहे. बाजारपेठेतील दुकानांचे गिऱ्हाईक बहुतांशी याच गावांतून आणि पाड्यांतून येते. पूर्वी व्यापाऱ्याचा मुलगा आणि शेतमजुराचा मुलगा एकाच प्राथमिक शाळेच्या सतरंजीवर बसून पाढे म्हणत. आता पहिला इंग्रजी माध्यमात जातो, संध्याकाळी संगणकाची शिकवणी लावतो, सुट्टीत नाशिक-पुण्याच्या वर्गात कोडिंग शिकतो. दुसरा आश्रमशाळेत किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत असतो. दोघांतील अंतर आता केवळ पैशाचे राहिलेले नाही.

दुसऱ्या मुलाच्या हाती मोबाइल नाही, असे मात्र कोणी समजू नये. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील १४ ते १६ वर्षे वयाच्या सुमारे ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. चौकशीच्या आधीच्या आठवड्यात ७६ टक्के मुलांनी तो समाजमाध्यमांसाठी वापरला होता, तर अभ्यासाशी संबंधित कामासाठी ५७ टक्क्यांनी. त्याआधीच्या, २०२३ च्या अहवालात आणखी एक बोचरा आकडा आहे. १४ ते १८ वयोगटातील ज्यांना फोन वापरता येतो, त्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे सुमारे ४४ टक्के होते आणि मुली अवघ्या २० टक्के. म्हणजे यंत्र घराघरांत पोहोचले आहे. ते कशासाठी वापरायचे आणि कोणाच्या हाती द्यायचे, हे अजून पोहोचायचे आहे.

व्यापारी भाषेत सांगायचे तर ही मुले डिजिटल बाजाराची गिऱ्हाइके झाली आहेत. कारागीर होण्याची वाट त्यांना कोणी दाखवलेली नाही. कोडिंग शिकवण्याचा खरा हेतू ती वाट दाखवणे हा आहे.

कोडिंग या शब्दाने पुष्कळ पालक बिचकतात. वास्तविक त्याची मूळ कल्पना पेढीवर बसणाऱ्याला परकी नाही. यंत्राला स्वतःची अक्कल नसते. एखादे काम त्याच्याकडून करून घ्यायचे तर त्या कामाचे लहान लहान टप्पे पाडून, ते बिनचूक क्रमाने, त्याला कळतील अशा शब्दांत लिहून द्यावे लागतात. एवढ्यालाच कोडिंग म्हणतात.

कळवणच्या कोणत्याही शेतकऱ्याच्या मुलाने कांद्याची निवड केलेली असते. मोठा कांदा एका ढिगात, मध्यम दुसऱ्यात, गोल्टी तिसऱ्यात, सडका बाजूला. हेच काम त्याला शब्दांत लिहायला सांगावे. ‘कांदा लहान असेल तर गोल्टीत टाक, नाहीतर, सडका असेल तर बाजूला काढ,’ असे त्याने लिहिले, तर एक घोटाळा होईल. लहान आणि सडका असा कांदा पहिल्याच अटीला गोल्टीत जाईल आणि सारा ढीग नासवील. सडका आहे का, ही अट आधी तपासली पाहिजे. हात हे काम न सांगता बरोबर करतात. लिहू लागल्यावर क्रमाचे महत्त्व कळते. हा धडा शिकवायला वीज लागत नाही आणि संगणकही लागत नाही.

दुसरे उदाहरण तराजूचे. मेट्रिक मापे येण्यापूर्वी किराणा दुकानात छटाक, अदपाव, पावशेर आणि अच्छेर ही वजने असत. प्रत्येक वजन आधीच्याच्या दुप्पट. म्हणजे १, २, ४ आणि ८ छटाक. ही चारच वजने असली तरी एकापासून पंधरापर्यंत कोणतेही पूर्ण छटाकाचे माप तोलता येते. अकरा छटाक हवे असतील तर अच्छेर, अदपाव आणि छटाक पारड्यात ठेवायचे, पावशेर बाहेर ठेवायचा. प्रत्येक वजनाला दोनच अवस्था: पारड्यात आहे किंवा नाही. संगणक सारे आकडे याच रीतीने, एक आणि शून्य एवढ्या दोनच खुणांनी लिहितो. आजोबांच्या दुकानातील ही वजने माळ्यावर पडलेली असतील, तर ती नातवाला दाखवण्यासारखी आहेत.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. रात्री रोकड जुळली नाही तर मुनीम रोजमेळ फाडून टाकत नाही. जुळते कुठपर्यंत आणि फरक कुठे पडला, हे नोंदीमागून नोंद तपासत तो शोधतो. संगणकाला दिलेल्या सूचना पहिल्या खेपेला क्वचितच बरोबर चालतात. मग चूक शोधावी लागते, दुरुस्त करावी लागते, पुन्हा चालवून पाहावे लागते. वर्गात चुकले की हसे होते, मार बसतो, या भीतीत वाढलेल्या मुलाला चूक म्हणजे शोधून काढण्याची एक नोंद आहे हे कळणे, हा त्याच्या शिक्षणातील मोठा लाभ होय.

याच मार्गाने काही माणसांनी गंभीर काम केले आहे. ‘एसीएम इंडिया’ या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये ‘सीएसपाठशाला’ हा उपक्रम सुरू केला. शाळेत संगणक असो वा नसो, कोडी, खेळ आणि कागदावरच्या कृतींतून मुलांना संगणकीय विचारपद्धती शिकवायची, असा त्याचा भर आहे. लिथुआनियात २००४ मध्ये सुरू झालेली ‘बेब्रास’ ही स्पर्धाही आज भारतीय शाळांत होते आणि तिचे प्रश्न मराठीतूनही उपलब्ध असतात. त्यांना संगणकाच्या पूर्वज्ञानाची गरज नसते, सावध विचाराची असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने कोडिंगचा परिचय माध्यमिकपूर्व टप्प्यात, म्हणजे सहावीपासून व्हावा असे सुचवले आहे.

महाराष्ट्रातील जी उदाहरणे यशस्वी म्हणून सांगितली जातात, त्यांत एक समान धागा दिसतो. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा हा लहानसा आदिवासी पाडा. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेत संदीप गुंड या शिक्षकाने लोकसहभागातून डिजिटल वर्ग उभा केला आणि विजेची अडचण सौरऊर्जेने सोडवली. ते पाहण्यासाठी इतर जिल्ह्यांतील शिक्षक येऊ लागले आणि गावाच्या वर्गणीतून डिजिटल शाळा करण्याची लाट राज्यभर पसरली. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ते सर्वत्र आले. २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला आणि त्यांनी त्यातील अर्धी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटण्याचे जाहीर केले.

पुणे जिल्ह्यातील पाबळचा विज्ञान आश्रम तर त्याहून जुना. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो स्थापन केला. हाताने काम करता करता शिकणे हे त्यांचे सूत्र होते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या बाहेरची पहिली ‘फॅब लॅब’ म्हणजे संगणकाच्या साहाय्याने वस्तू घडवण्याची कार्यशाळा, २००२ मध्ये याच खेड्यात उभी राहिली. तेथे तंत्रज्ञान येण्यापूर्वी जवळजवळ वीस वर्षे शिकवण्याची पद्धत आलेली होती.

या तिन्ही ठिकाणी माणूस आधी होता, यंत्र नंतर आले.

उलट क्रमाचे फळही जगाने पाहिले आहे. २००५ मध्ये निकोलस नेग्रोपाँटे यांनी गरीब देशांतील प्रत्येक मुलासाठी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली. २००७ मध्ये भारतातील त्याचा पहिला प्रयोग रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात, खैराट येथील एका लहानशा शाळेत झाला. मुलांचा आनंद खरा होता. पण देशभर तो प्रयोग पसरला नाही. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने मात्र असे आठ लाखांहून अधिक लॅपटॉप घेतले. तेथील ग्रामीण भागातील ३१९ शाळांचा अभ्यास आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. संगणकाचा वापर वाढला, तर्काच्या काही कसोट्यांवर थोडी प्रगती दिसली. गणित आणि भाषा यांच्या गुणांत मात्र फरक आढळला नाही. शिकवण्याची रीत बदलण्यासाठी शिक्षकांना पुरेशी तयारी मिळाली नव्हती, हे त्यामागचे एक प्रमुख कारण मानले गेले.

आपल्याकडेही सरकारने २००४ पासून माध्यमिक शाळांत संगणक कक्ष उभारण्याची योजना राबवली. महाराष्ट्रात ठरावीक वर्षांच्या कंत्राटावर यंत्रे आणि शिक्षक पुरवले गेले. कंत्राट संपले तेथे शिक्षकाचे काम संपले. यंत्रे शाळेच्या ताब्यात राहिली. भांडवली खर्च झाला, खेळते भांडवल आटले.

आता एक साधा हिशेब मांडून पाहता येईल. समजा, कळवणमधील चार-पाच व्यापारी कुटुंबांनी मिळून एका शाळेसाठी ४,००,००० रुपये काढले. प्रचलित रीतीने त्यातून दहा नवे संगणक येतील, टेबले येतील, उद्घाटन होईल आणि रक्कम संपेल. दुसरी रीत अशी. तपासून घेतलेले, वापरलेले चार संगणक प्रत्येकी १५,००० रुपयांना घेतले, तर ६०,००० रुपये लागतील. तालुक्यातीलच एखाद्या पदवीधर तरुणाला किंवा तरुणीला दरमहा ८,००० रुपये मानधनावर अर्धवेळ नेमले, तर वर्षाचे ९६,००० होतील. वीज आणि दुरुस्तीसाठी वर्षाला १२,००० धरावेत. म्हणजे वर्षाचा चालू खर्च १,०८,००० आणि तीन वर्षांचा ३,२४,०००. यंत्रांसह एकूण ३,८४,००० झाले. उरलेल्या १६,००० रुपयांत छापील स्वाध्याय, चौकटीच्या वह्या आणि कोड्यांचे साहित्य येईल.

तीन वर्षे म्हणजे सहावी, सातवी आणि आठवी. एका तुकडीचे शिक्षण पूर्ण होते. चोवीस मुलांच्या वर्गात बारा जण तिघातिघांनी यंत्रावर बसतील आणि बारा जण कागदावर विचार करतील. पुढच्या तासाला अदलाबदल. एमआयटीतच तयार झालेली ‘स्क्रॅच’ ही मुलांसाठीची प्रणाली विनामूल्य आहे आणि एकदा यंत्रावर घेतली की इंटरनेटवाचून चालते. रंगीत ठोकळे जुळवून मुले त्यात गोष्ट हलती करतात, खेळ तयार करतात. ठिपक्यांची रांगोळी काढणारी मुलगी तीच नक्षी सूचनांनी पडद्यावर काढू शकते: इतके पुढे जा, काटकोनात वळ, हे चार वेळा कर.

यावर दोन आक्षेप येतात आणि ते दोन्ही रास्त आहेत. पहिला असा की, ज्यांना धड वाचता येत नाही त्यांना कोडिंग कशाला? ‘असर’ २०२४ नुसार ग्रामीण भारतात पाचवीतील जेमतेम निम्म्या मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो. अशा वेळी वाचन-लेखन आणि गणिताचा तास कापून संगणकाला देणे हा अन्याय ठरेल. म्हणून हा वर्ग शाळेच्या वेळेला जोडून असावा, त्याच्या जागी नसावा. शिवाय तो मराठीतूनच चालावा. आणि घरी अहिराणी किंवा कोकणी बोलणाऱ्या मुलाला समजावताना शिकवणाऱ्याला ती बोली येत असावी. बाहेरच्या शहरातील तज्ज्ञापेक्षा तालुक्यातील तरुण अधिक उपयोगी, तो याचसाठी.

दुसरा आक्षेप नवा आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता आता स्वतःच सूचना लिहून देते, मग मुलांनी शिकायचे कशाला? बेरजेचे यंत्र आले म्हणून हिशेब कळणाऱ्या माणसाची गरज संपली नाही. यंत्राने दिलेली बेरीज खरी का, हे ज्याला समजत होते तोच फसवणुकीपासून वाचला. ओटीपी विचारणारा फोन, खोटी कर्जाची जाहिरात, पैसे जमा झाल्याचा बनावट संदेश, हे सारे पाड्यावरच्या घरात पोहोचले आहे. घरात यंत्राची रीत समजणारे एक मूल असले तर ते आईवडिलांचे कष्टाचे पैसे वाचवू शकते. या मुलांपैकी किती जण पुढे संगणक अभियंता होतील, हे कोणी सांगू नये. ती आशा दाखवून वर्ग भरवणे योग्यही नव्हे.

देण्याची पद्धतही विचारपूर्वक ठरवावी. शिक्षण हक्क कायद्यानुसार शासकीय शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात पालकांचे बहुमत असते. मुख्याध्यापक आणि ही समिती यांच्यासमोर तीन वर्षांचे अंदाजपत्रक ठेवावे, ठराव करून घ्यावा आणि दर तीन महिन्यांनी खर्च तपासावा. रक्कम एकदम न देता टप्प्याटप्प्याने द्यावी. यंत्रांची मोजणी दुय्यम आहे. मुले काय करू शकतात ते पाहावे. मुली निम्म्या यंत्रांवर प्रत्यक्ष बसतात का, हे विशेष पाहावे, कारण मुलगा समोर बसतो आणि मुलगी मागून बघते, असेच बहुधा घडते. द्राक्षबागांच्या कामासाठी कुटुंबे दिंडोरी-निफाडकडे गेली की काही मुलांची शाळा सुटते. परतल्यावर त्यांना मागचे धडे भरून देण्याची सोयही अंदाजपत्रकात असावी.

पैशाहून मोठी देणगी वेळेची आहे. व्यापारी घरांतील तरुण मुले-मुली अकाउंटिंगची प्रणाली चालवतात, जीएसटीची विवरणे भरतात, माल ऑनलाइन मागवतात. त्यांनी महिन्यातून दोन शनिवार त्या वर्गात जाऊन रोजमेळ संगणकावर कसा मांडतात, एवढे दाखवले तरी पुरे. सरकी, बियाणे, कापड, किराणा यांचा हिशेब मुलांना घरचाच वाटेल. जाणाऱ्या तरुणांनाही आपल्या गिऱ्हाइकाचे घर कसे असते ते दिसेल. एका सतरंजीवर बसण्याची जी संधी शाळा निराळ्या झाल्याने गेली, ती अशा रीतीने थोडी परत येईल.

यंदा पाडव्याला नवी वही उघडली जाईल, तेव्हा शाळेला द्यायच्या रकमेचे दोन भाग करून लिहावेत. यंत्रासाठी लहान आकडा, चालवण्यासाठी मोठा. दारावर लावायची पाटी तीन वर्षे थांबवावी. पहिली तुकडी आठवी पूर्ण करील, त्या दिवशी त्या मुलांपैकीच एकाला सांगून ती लावून घ्यावी. आणि पाटी लावण्यापूर्वी त्याला एवढेच विचारावे की, या खोलीत तू काय तयार केलेस ते दाखव. त्याच्याकडे दाखवायला काही असले, तर वही जुळली असे समजावे.